एकदाच दाबलेलं बटण

सोमवार, ३ मार्च
सकाळी १४२/९०.

डॉक्टरांनी रोज रक्तदाब मोजून वहीत लिहायला सांगितलं आहे. "फक्त आकडे लिहा, दुसरं काही नको," असंही म्हणाले, कारण गेल्या वेळी मी त्यांना माझ्या कामाबद्दल वीस मिनिटं ऐकवलं होतं. पण एवढी दोनशे पानी वही आणली आहे, तिच्यात नुसते आकडे काय लिहायचे? तेव्हा लिहितो. वाचणार कोण आहे!

काम तसं साधं आहे. आमच्या रुग्णालयात डायलिसिसच्या सोळा खुर्च्या आहेत. रुग्ण आठवड्यातून तीनदा येतात. सकाळी सात ते आठ या वेळात प्रत्येकाने घरून मोबाइलवर आमचं पान उघडायचं आणि एक बटण दाबायचं. आधी नावापुढे लाल अक्षरात 'नाही' असतं, दाबलं की हिरव्या अक्षरात 'येणार' होतं. जे येणार नाहीत त्यांची खुर्ची सिस्टर प्रतीक्षा यादीतल्या माणसाला देतात. हे पान नऊ वर्षांपूर्वी मी एकट्याने लिहिलं. नऊ वर्षांत एक तक्रार नाही. हे मी सगळ्यांना सांगत असतो, आणि सगळ्यांना ते पाठ झालं आहे.

शनिवारी नवीने, म्हणजे माझ्या हाताखालच्या नव्या मुलीने, त्या पानाची लायब्ररी बदलली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार जावास्क्रिप्टचा गठ्ठा. बटण दाबलं की पानाकडून सर्व्हरकडे निरोप जातो, त्याला आम्ही रिक्वेस्ट म्हणतो, आणि ती ने-आण हा गठ्ठा करतो. जुना गठ्ठा लिहिणाऱ्यांनीच वाऱ्यावर सोडला होता, त्यामुळे बदल करणं भाग होतं. बदलाआधी नियमाप्रमाणे तिने मला तपासायला दिलं. मी जेवता जेवता वरवर पाहिलं आणि मंजूर केलं. तिचे नेहमीप्रमाणे दहा प्रश्न होतेच. "सर, ही बटणाची रिक्वेस्ट नुसती माहिती विचारणाऱ्या जातीची का आहे? नोंद बदलणाऱ्या जातीची नको का?" मी म्हटलं, "बाई, नऊ वर्षं चालतंय. चालत्या गाडीला खीळ घालू नकोस." हुशार आहे, पण फार खोलात शिरते.

मंगळवार, ४ मार्च
१४०/८८.

दुपारी डायलिसिसच्या सिस्टर खालून फोनवर. "अहो काँप्युटरवाले, दोन पेशंट आलेत आणि यादीत दोघांपुढे 'नाही' आहे. दोघं म्हणतात आम्ही दाबलं होतं." मी म्हटलं, वयस्कर माणसं आहेत, बोट थरथरतं, दोनदा दाबलं जातं. दोनदा दाबलं की परत 'नाही' होणारच. सिस्टरना पटलं. म्हणजे निदान त्यांनी फोन ठेवला.

योगायोगाने दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, निभावलं.

गुरुवार, ६ मार्च
१४८/९२. चहा आधी घेतला होता म्हणून असेल.

आज पाच जण. यादीत पाचही 'नाही'. चौघांना कसंबसं बसवलं, पाचव्याला खुर्ची उरली नाही. ते एक निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली. किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. ते सिस्टरच्या टेबलापाशी हट्टाने उभेच होते, म्हणून मला खाली बोलावलं.

"मी एकदाच दाबलं," ते म्हणाले. "सात वाजून बावीस मिनिटांनी. हिरवं झालं, ते वाचलं, मग मोबाइल ठेवला."

मी त्यांना बाजूला घेतलं आणि बटण कसं दाबायचं ते माझ्या मोबाइलवर दाखवलं. हळू, एकदा, मग बोट उचलायचं. शांतपणे, आवाज न चढवता समजावलं. मला वाटतं मी चांगलं समजावतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. ही माझी असती तर मला सापडली असती."

जरा ताठाच आहे माणसात. त्यांना उद्या दुपारची जागा दिली. त्यांची मुलगी न्यायला आली होती, ती त्यांच्यावर वैतागली, "बाबा, कशाला वाद घालता! दाबलं असेल दोनदा."

वर येऊन मी स्वतः बटण दाबून पाहिलं. सकाळचे अकरा वाजले होते. एकदा दाबलं, एक रिक्वेस्ट गेली, 'येणार' झालं. पान ठणठणीत आहे.

शनिवार, ८ मार्च
सकाळी १५६/९६. संध्याकाळी मोजला नाही.

काल पहाटे मुद्रितशोधक काकांना श्वास लागला. छातीत पाणी झालं. डायलिसिस एक दिवस चुकला की पाणी अंगातच राहतं, आणि त्यांचं हृदय आधीच दुबळं. अतिदक्षता विभागात आहेत. जिवावरचा धोका टळलेला नाही असं सिस्टर म्हणाल्या. गुरुवारी मी त्यांच्यासमोर बोट कसं उचलायचं ते दाखवत होतो.

दुपारी व्यवस्थापकांनी बैठक घेतली. सिस्टर, नवी, मी. व्यवस्थापकांचा एकच प्रश्न, "गेल्या आठवड्यात काय बदललं?"

मग मी म्हटलं, "मागच्या शनिवारी लायब्ररी बदलली. त्याआधी नऊ वर्षं एक तक्रार नव्हती." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सगळ्यांनी नवीकडे पाहिलं. ती आपल्या वहीकडे बघत राहिली. मला वाटलं होतं, ती म्हणेल की सरांनी मंजूर केलं होतं. म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही.

बुधवारपर्यंत मी अहवाल द्यायचा, चूक कुठे आणि कोणाची. नवीचा करार महिनाअखेर संपतो. वाढवायचा की नाही ते या अहवालावर ठरेल, असं व्यवस्थापक तिच्यासमोरच म्हणाले. तोवर बटण बंद, सिस्टर सगळ्यांना फोन करून विचारणार.

रविवार, ९ मार्च
१५२/९४.

बायकोला सगळं सांगितलं. ती पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते, त्यामुळे समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची तिला सवय आहे. मी संपवल्यावर तिने विचारलं, "ही नवी म्हणजे कधीपासून नवी?"

"अडीच वर्षं झाली."

"मग अजून नवी?"

मी म्हटलं, तो मुद्दा नाही. ती म्हणाली, "बरं. तुम्हाला चूक शोधायची आहे की तिची चूक शोधायची आहे?"

मी चिडलो. शिक्षिकांना घरातही प्रश्नपत्रिका काढायची खोड असते. मग दिवसभर आम्ही कामापुरतं बोललो. माझी निवृत्ती चार वर्षांवर आली आहे, या वयात पुन्हा नव्याने स्वतःला सिद्ध करत बसायचं का, हे तिला कळत नाही. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते. नवी जे दोन तासांत करते, त्याला मला हल्ली दिवस लागतो. हे इथे लिहिलं, बाहेर बोलणार नाही.

सोमवार, १० मार्च
सकाळी १५०/९४, संध्याकाळी १३६/८६!

सापडलं!

नवी आणि मी सकाळपासून तिच्या टेबलाशी. ब्राउझरमध्ये जाणारी-येणारी प्रत्येक रिक्वेस्ट एकेका ओळीत दिसते. बटण दाबलं, एक ओळ. पुन्हा, एकच ओळ. वीसदा केलं. मग नवी म्हणाली, "सर, तक्रारी सगळ्या सात-वीस ते साडेसातमधल्या आहेत. तेव्हा सगळे एकदम दाबतात, सर्व्हर सुस्त असतो. आपण त्याला मुद्दाम सुस्त करू या का?" चाचणीच्या सर्व्हरला तिने उत्तर सहा सेकंद उशिरा द्यायला लावलं. बटण दाबलं. मी बोट उचलून हात मागे घेतला. पडद्यावर एक ओळ आली. पाच सेकंद गेले. आणि कोणीही काही न करता खाली दुसरी ओळ आली.

नवीन लायब्ररी पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर तीच रिक्वेस्ट आपणहून पुन्हा पाठवते. जुनी बिचारी कितीही वेळ वाट बघत बसायची. इथे पहिली रिक्वेस्ट पोहोचलेली असते, 'नाही'चं 'येणार' झालेलं असतं, फक्त उत्तर यायला उशीर झालेला असतो. तेवढ्यात दुसरी जाते आणि 'येणार'चं परत 'नाही'. कधी तिसरीही जाते, मग पुन्हा 'येणार'. म्हणून काहींचं बिघडलं आणि काहींचं नाही. आणि रुग्णाला काही कळत नाही, कारण मोबाइलवरचं अक्षर दाबताक्षणी हिरवं होतं, ते सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत नाही. लोकांना ताटकळायला नको म्हणून ती सोय मीच केली होती.

माझा जीव भांड्यात पडला. मी जवळजवळ ओरडलोच, "बघ! लायब्ररीचंच काम!"

नवी पडद्याकडे बघत होती. म्हणाली, "हो सर. पण एकच गोष्ट दोनदा विचारली, म्हणून उत्तर का बदलावं?"

आपल्या अंगावर आलं की माणूस असे फाटे फोडतोच. घरी येऊन अहवाल लिहून काढला. आज गाढ झोप लागणार.

मंगळवार, ११ मार्च
१६४/१००.

सकाळी नवीने लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेतला एक परिच्छेद मला पाठवला. सोबत एक अक्षर नाही. त्यात लिहिलं आहे की ही लायब्ररी फक्त विचारणाऱ्या रिक्वेस्ट पुन्हा पाठवते. बदलणाऱ्या रिक्वेस्ट ती कधीच आपणहून दुसऱ्यांदा पाठवत नाही. कारण विचारणं दोनदा झालं तरी कोणाचं काही बिघडत नाही, हा या धंद्यातला पहिल्या इयत्तेतला नियम आहे.

मी माझी नऊ वर्षांपूर्वीची फाइल उघडली. वर माझी आद्याक्षरं. बटणाची रिक्वेस्ट, विचारणाऱ्या जातीची. आणि ती आली की सर्व्हरने काय करायचं, तर एकच ओळ: जे असेल त्याच्या उलट कर.

'येणार कर' असं लिहिलं असतं तर रिक्वेस्ट दहादा आली असती तरी 'येणार'च राहिलं असतं. बदलणाऱ्या जातीची केली असती तर ती दुसऱ्यांदा गेलीच नसती. मी दोन्ही केलं नाही. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या संचालकांना दाखवायचं होतं. विचारणारी रिक्वेस्ट नुसता पत्ता टाइप करूनही चालते, दाखवायला सोपी पडते. वेळ मारून नेली. सोमवारी नीट करू म्हटलं होतं. त्यानंतर किती सोमवार गेले!

आणि नवीने मला हेच विचारलं होतं. बदल करायच्या आधी, मी जेवत असताना.

दार लावून मी ती ओळ दुरुस्त केली आणि रिक्वेस्टची जातही बदलली. दोन तास लागले. फक्त दोन तास. सुस्त सर्व्हरवर पन्नास वेळा तपासलं, पन्नास वेळा 'येणार'.

अहवाल टेबलावर तसाच आहे. त्यात लिहिलंय, 'नवीन लायब्ररी काही रिक्वेस्ट आपणहून पुन्हा पाठवते, त्यामुळे नोंदी उलटल्या.' शब्दन् शब्द खरा आहे. खोटं असं त्यात काहीच नाही. मी पाच वेळा वाचून बघितलं.

बुधवार, १२ मार्च
१६८/१०२.

अहवाल दिला. होता तसाच दिला.

व्यवस्थापक म्हणाले, "तुमच्यासारखी अनुभवी माणसं आहेत म्हणून चाललंय." नवीने विचारलं, "सर, दुरुस्ती मी एकदा बघू का? नियमाप्रमाणे दुसऱ्या कोणीतरी तपासायला हवी." मी म्हटलं, मी तपासली आहे. तरी तिने बघितली असावी, कारण चार वाजता माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "छान झाली आहे दुरुस्ती." मग थोडा वेळ उभी राहिली. मी मान वर केली नाही, मला मेल लिहायची होती. गेली.

तिच्या काही लक्षात आलेलं दिसत नाही. बटण उद्यापासून सुरू.

शुक्रवार, १४ मार्च
मोजला नाही.

मुद्रितशोधक काका आता साध्या वॉर्डात आले आहेत. जेवणाच्या सुट्टीत भेटून आलो. का गेलो माहीत नाही. पाहिल्याशिवाय राहवेना.

आठ दिवसांत निम्मे झाले आहेत. मी आलो हे कळल्यावर उठून बसायला लागले, मी त्यांना पडून राहायला सांगितलं. मग त्यांनीच विषय काढला. "साहेब, त्या दिवशी तुमच्याशी उगाच वाद घातला. मुलगी म्हणते तसंच झालं असेल. दोनदा दाबलं गेलं असेल."

मी त्यांच्या चादरीचं टोक सारखं केलं.

"मला तर एकदाच दाबल्यासारखं आठवतं. पण आता माझ्या आठवणीचा भरवसा नाही. काल वर्तमानपत्र वाचत होतो. एक चूक दिसली, आणि वाटलं, ही खरंच आहे की मलाच दिसतेय? असं कधी होत नव्हतं." त्यांचा मोबाइल मुलीने स्वतःकडे ठेवून घेतला आहे. यापुढे सकाळचं बटण ती दाबणार. औषधांच्या वेळाही तीच बघणार. पेन्शनच्या कागदांवर सही करायच्या आधी तिला दाखवायचं, असंही ठरलंय.

मुलगी आली. मला बघून म्हणाली, "तुम्ही वेळात वेळ काढून आलात! इतकं कोण करतं?" तिने मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो, "काळजी घ्या काका," म्हटलं आणि निघालो.

जिन्यात थांबलो. मी त्या माणसाची खुर्ची घालवली, एवढंच मला वाटत होतं. पण आज मी त्यांच्यासमोर बसून त्यांना वेडं ठरू दिलं, आणि वर पाणी प्यायलो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

शनिवार, १५ मार्च
१६०/९८.

बायकोला उरलेलं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "काकांकडे आज जा. ऑफिस आता सोमवारीच उघडेल, त्यांचा वॉर्ड आज उघडा आहे."

गेलो. मुलगी तिथेच होती, बरंच झालं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "तुम्ही बटण एकदाच दाबलं होतं. दुसऱ्यांदा आमच्या यंत्रणेने पाठवलं. तसं झालं तरी काही बिघडायला नको होतं. बिघडलं ते मी नऊ वर्षांपूर्वी चुकीचं लिहिलं म्हणून. हे मला मंगळवारपासून माहीत आहे."

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्रास होतोय. पण त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "लिहून द्या."

औषधाच्या खोक्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं, सही केली. त्यांनी चष्मा मागून घेतला, सावकाश वाचलं, एकेका शब्दाखाली नख फिरवत. मग मुलीकडे दिलं. ती वाचत असताना तिचा चेहरा बघवला नाही. तिने पर्समधून त्यांचा मोबाइल काढला, त्यांच्या उशाशी ठेवला आणि मला म्हणाली, "तुम्ही आता जा."

सोमवार, १७ मार्च
१४६/९०.

नवा अहवाल केला. पहिल्याच ओळीत माझं नाव. मी न बघता मंजुरी दिली, नवीने आधीच प्रश्न विचारला होता आणि मी तो उडवून लावला, हेही घातलं. व्यवस्थापक वाचून म्हणाले, "पहिला अहवाल वर गेला आहे हो. आता चार वर्षं राहिलीत तुमची, कशाला अंगावर ओढून घेता?" मी म्हटलं, अंगावरच आहे, ओढायचं काय? मग त्यांच्यासमोरच संचालकांना, सिस्टरना आणि नवीला पाठवून दिला. पुढे काय व्हायचं ते होईल. मला ओरडा बसेल, पान माझ्याकडून काढून घेतील, कदाचित आणखी काही.

गुरुवार, २० मार्च
१४४/९०.

संचालकांनी मला बोलावून तासभर सुनावलं. ते मी इथे लिहीत नाही, सगळं रास्त होतं. पान आता माझ्याकडे नाही. नवीला करार वाढवून देऊ केला, पानाची पूर्ण जबाबदारी तिला, पदही वरचं. ऐकून मला फार बरं वाटलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मी ताठ मानेने तिच्या टेबलाकडे गेलो.

ती खण रिकामा करत होती. म्हणाली, "मी नाही म्हणून कळवलं, सर. दुसरीकडे काम मिळालंय."

मी म्हटलं, "अगं पण आता सगळं स्पष्ट झालंय. सगळ्यांना कळलंय चूक माझी होती."

"चूक कोणाचीही होते, सर. माझ्याही होतात." तिने खण लावला. "बुधवारी तुम्ही अहवाल दिलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मला माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे. मी चार वाजता तुमच्या टेबलापाशी उभी होते. वाटलं होतं, तुम्ही मान वर कराल."

मग तिने पिशवी खांद्याला लावली आणि मला वाकून नमस्कार केला. वयाने मोठा म्हणून केला असेल. मी आशीर्वाद द्यायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.